लतिका जिंतूरकर आणि प्रांताचा गुणांक

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहरातल्या मराठी घरांत लतिका जिंतूरकरबद्दल एक गोष्ट हसत हसत सांगितली जाई. गणपतीत मोदक वाढायचं काम तिच्याकडे दिलं, की सगळ्यात फुटका मोदक ती स्वतःच्या नवऱ्याच्या पानात ठेवते. शिरीषला याची सवय झाली होती. तो म्हणायचा, "अख्खा मोदक खायचा असेल, तर मला आधी हिच्यापासून घटस्फोट घ्यावा लागेल."

ही खोड तिच्या वडिलांची. ते जिंतूरच्या शाळेत हेडमास्तर होते आणि गणित शिकवायचे. मुलगी त्यांच्याच वर्गात होती. तिचा पेपर पैकीच्या पैकी मार्कांचा असला, तरी ते दोन मार्क कापायचे आणि घरी आल्यावर सांगायचे, "बरोबर होतं सगळं. पण लोकांनी बोट दाखवायला नको." लतिकाला याचा कधी राग आला नाही. आपले वडील फार न्यायी आहेत, असंच तिला वाटत राहिलं. न्याय म्हणजे आपल्या माणसाला थोडं कमी देणं, ही समजूत तिच्या मनात तेव्हाच पक्की झाली.

पुढे ती पुण्याला संख्याशास्त्र शिकायला गेली. वसतिगृहातल्या मुली वाईट नव्हत्या, पण पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं होतं, "परभणी जिल्हा ना? म्हणजे तिकडचे नव्वद टक्के, आमच्याकडचे पंच्याहत्तर." सगळ्या हसल्या, लतिकाही हसली. मग तिने इतका अभ्यास केला, की पंधरा टक्के कापूनही ती वरच राहावी. पीएचडीसाठी ती जर्मनीत आली आणि इथेच राहिली. यंत्रांचे भाग केव्हा झिजतील याचा अंदाज बांधणाऱ्या एका संस्थेत आता ती विभाग सांभाळते. मोजून बोलते, मोजून हसते, आणि तिच्या शब्दावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात.

अशा बाईचा फुटबॉलशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. त्यातून हा फुटबॉल अमेरिकन. हेल्मेट घालून, खांद्यांवर ढाली बांधून, एकमेकांना धडका देत खेळायचा. पण कायझर्सलाउटर्नच्या आजूबाजूला अमेरिकन सैनिकांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली. त्यांच्या मागोमाग हा खेळ इथे आला आणि रुजला. शेजारी राहणारा हाइनर, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला धिप्पाड गृहस्थ, इथल्या क्लबच्या मुलांना हा खेळ शिकवायचा.

दर उन्हाळ्यात हाइनरच्या मैदानावर एक शिबिर भरे. अमेरिकेतल्या कॉलेजांचे प्रशिक्षक तिथे मुलं निवडायला येत. निवड झाली तर शिक्षण, राहणं, खेळ, सगळ्याची सोय. जर्मनीभरच्या क्लबांना आपापली मुलं तिथे घुसवायची असत आणि जागा असत थोड्या. दर वर्षी भांडणं. एकदा हाइनर कुंपणापाशी येऊन म्हणाला, "फ्राऊ जिंतूरकर, तुम्ही आकड्यांतल्या. आम्हाला यातून सोडवा. नाहीतर एक दिवस आम्ही प्रशिक्षकच हेल्मेट घालून मैदानात उतरू."

लतिकाने सोडवलं. क्लबांनी मुलांच्या खेळाचे व्हिडिओ पाठवायचे. तिचे दोन विद्यार्थी त्यातली प्रत्येक धडक, प्रत्येक पळ मोजणार आणि त्यावरून गुण निघणार. एवढ्याने भागत नव्हतं. स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, कायझर्सलाउटर्न इकडची मुलं दर आठवड्याला तगड्या मुलांशी झुंजतात. पूर्वेकडच्या एखाद्या लहान गावातला मुलगा कुणालाही आडवा करील, कारण समोर उभं राहणारं कोणी धड नसतंच. दोघांची धडक सारखी कशी धरायची? म्हणून तिने प्रांताचा गुणांक बसवला. आजवर ज्या प्रांतातून गेलेली मुलं अमेरिकेत टिकली, त्या प्रांताचा गुणांक वर. जिथून कोणी टिकलं नाही, त्याचा खाली. मुलाच्या गुणांना त्याने गुणायचं. भांडणं थांबली. हाइनर तिला 'आमचा तराजू' म्हणू लागला.

दिनकर हा जिंतूरच्या शाळेतला तिचा वर्गमित्र. तो आता पूर्व जर्मनीतल्या येनाला एका संस्थेत भिंगांवर संशोधन करतो. त्याची बायको सुधा बालवाडीत शिकवते. त्यांचा मुलगा उत्कर्ष येनातच जन्मला, तिथेच वाढला. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. बारावीच्या तोडीची परीक्षा त्याने नुकतीच दिली होती, आणि गेली कित्येक वर्षं तो येनाच्या छोट्याशा क्लबात हाच फुटबॉल खेळत होता. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे भिंतीसारखं उभं राहायचं, येणाऱ्याला अडवायचं, हे त्याचं काम. ज्याला हे जमतं त्याचं नाव कोणी घेत नाही, आणि जमलं नाही तर सगळे घेतात.

त्या वर्षी उत्कर्षचे व्हिडिओ आले. लतिकाने त्यांना हात लावला नाही, विद्यार्थ्यांकडेच ठेवले. यादी तयार झाली तेव्हा उत्कर्षचं नाव शिबिराच्या रेषेच्या जरा खाली होतं. थ्युरिंगियाचा, म्हणजे येनाच्या प्रांताचा, गुणांक नसता, तर ते सहज वर गेलं असतं. नाव खाली बघून तिला हायसं वाटलं. आता कोणी बोट दाखवणार नव्हतं.

यादी अजून जाहीर व्हायची होती. फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीला लतिका आणि शिरीष येनाला गेले. सुधाचं बोलावणं जुनंच होतं. शनिवारी सकाळी तिने सगळ्यांपुढे कांदेपोहे ठेवले.

"मुद्दाम केलेत हो," सुधा म्हणाली. "मुलगा बघायला आलात ना तुम्ही. रीत आहे ती."

"मुलगा चहाचा ट्रे घेऊन येणार का?" शिरीषने विचारलं.

उत्कर्ष दारात उभा राहून केळं खात होता. दार त्याच्यामुळे पूर्ण भरलं होतं. तो जर्मनमध्ये म्हणाला, "ट्रे आणतो, पण मान खाली घालून बसणार नाही."

"हुंडा नको म्हणावं," दिनकर म्हणाला. "मुलगा फार खातो, तेवढं मात्र आधीच सांगून ठेवतो."

हसणं ओसरल्यावर सुधाने सहज विचारलं, की लतिकाताई, हे तुमचं मोजणं नक्की चालतं तरी कसं? लतिकाने नीट समजावून सांगितलं. गुणांकाचंही सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुधा मन लावून ऐकत होती. तीही परभणी जिल्ह्यातलीच, सेलूची. तिनेही पुण्यात दोन वर्षं काढली होती.

"म्हणजे आमचे नव्वद, तुमच्याकडचे पंच्याहत्तर," ती म्हणाली. "थोडक्यात, जुनंच आहे हे. मला वाटलं, काही नवीन शोध असेल."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ती रिकाम्या बशा उचलत होती. पण लतिकाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

दुपारी मॅच होती. मैदान गावाबाहेर, नदीकाठी, बाजूला चार बाकं आणि एक सॉसेज भाजणारे काका. मोठ्या क्लबांत एका बाजूचे अकरा जण खेळतात. इथे पोरं कमी, म्हणून लीगने नऊ-नऊ जणांचे सामने ठेवले होते. येनाची त्या दिवशी बरोबर नऊच मुलं होती. राखीव बाकावर फक्त पाण्याच्या बाटल्या.

लतिका पहिल्यांदाच एक अख्खी मॅच मैदानाजवळ उभी राहून बघत होती. आपला संघ चढाई करत असला की उत्कर्ष पुढे अडवायला उभा. कायझर्सलाउटर्नला चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला, की चढाईची मुलं बाहेर जाऊन बसतात, पाणी पितात आणि बचावाची वेगळी मुलं आत येतात. इथे आत येणारं कोणी नव्हतं. तीच नऊ मुलं वळून बचावाला उभी राहत. उत्कर्ष एकदाही बाहेर आला नाही.

"पाय बघ त्याचे," दिनकर हळूच म्हणाला. शाळेत तो कबड्डीत कोपरा सांभाळायचा. "गुडघा वाकलेला, टाच हलकी. हे मी शिकवलंय. बाकी त्या खेळातलं मला अजूनही कळत नाही."

लतिका पाय बघत होती. पहिला अर्धा वेळ त्या पायांपुढून कोणी पलीकडे गेलं नाही. शेवटी शेवटी मात्र तो उशिरा उठू लागला. धडकेनंतर क्षणभर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा. एकदा एक मुलगा त्याच्या बाजूने निसटून गेला. व्हिडिओत हेच 'हालचाल मंद' म्हणून मोजलं गेलं असणार, हे तिच्या लक्षात आलं. तो मंद नव्हता. तो दोन मुलांचं काम करत होता, आणि गुण एकाचे मिळत होते. त्यातूनही गुणांकाने कापलेले.

परत आल्यावर संस्थेत लतिकाने गुणांकाचा हिशेब पुन्हा उघडला. थ्युरिंगियाचा आकडा खाली का? तिथली मुलं अमेरिकेत टिकली नाहीत म्हणून. का टिकली नाहीत? कारण कोणी गेलंच नव्हतं. का गेलं नव्हतं? कारण शिबिराला कधी कोणाला बोलावलंच नव्हतं. जिथे कोणी बघायलाच गेलं नाही, तिथे काही नाही असं तिने धरलं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती, तर तिने त्याला समोर बसवून समजावली असती.

इथल्या आणि तिथल्या मुलांत फरक नव्हता असं नाही. कायझर्सलाउटर्नची मुलं खरोखरच तयारीची होती. फरक होता, पण तो मुलांच्या हाडात नव्हता. राखीव बाकावर होता.

दुसऱ्या आठवड्यात शिबिराची समिती बसली. लतिकाने सगळं मांडलं. गुणांक चुकीचा आहे, काढला पाहिजे. आपणच बनवला आणि आपलंच चुकलं, असं तिने स्वच्छ सांगितलं. लोकांनी माना हलवल्या.

"मग काढू या," हाइनर म्हणाला. "यादी अजून गेलेली नाही. आजच काढू."

"या वर्षी नको," लतिका म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून."

"का?"

"या वर्षी काढला, तर माझ्या मित्राचा मुलगा वर येतो."

मग एकाने टेबलावर बोटांनी टकटक केलं, दुसऱ्याने केलं, आणि सगळ्यांनीच. इथली ही वाहवा देण्याची पद्धत. हाइनर म्हणाला, "याला म्हणतात स्वच्छ हात." लतिका घरी आली तेव्हा तिची मान जरा ताठ होती.

शिरीष भाजी चिरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुझे बाबा खूश झाले असते," तो म्हणाला.

"टोमणा आहे का हा?"

"नाही. खरंच झाले असते." त्याने कांदा कापायला घेतला. "पण येनाला फोन तू करायचास. मी नाही करणार."

फोन दिनकरने उचलला. उत्कर्षचं नाव यादीत नाही आणि का नाही, हे लतिका सांगत असताना त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. "तूच मोजलंस, तर नीटच मोजलं असशील," तो म्हणाला. हे ऐकणं तिला जड गेलं. मग फोन उत्कर्षने घेतला.

"आत्या, मी वाईट खेळलो का?" त्याने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही रे. चांगला खेळलास. गुणांकच चुकीचा होता. पुढच्या वर्षीपासून तो नसणार."

"पुढच्या वर्षी माझं वय निघून जाईल."

"माहीत आहे मला."

तो चिडलेला वाटत नव्हता. त्याला खरोखर समजत नव्हतं.

"गुणांकाने मला बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "पण तू तर बघितलं होतंस."

फोन ठेवल्यावर लतिका स्वयंपाकघरात येऊन बसली. दोन मार्क कापलेले पेपर तिला आठवले. कापल्याने तिचं काही बिघडलं नव्हतं, पहिला नंबर तिचाच राहायचा. कापून घेणं परवडत होतं, म्हणून ते न्यायाचं वाटलं होतं. इथे त्या दोन मार्कांत एका मुलाचं सगळंच गेलं होतं. आणि हात तिचे स्वच्छ राहिले होते, किंमत मात्र त्याने मोजली होती.

शिबिराच्या दिवशी तिने उत्कर्षला बोलावून घेतलं. तो पहाटेच्या गाडीने आला, पाठीवर हेल्मेटची पिशवी. यादीतली मुलं मैदानात होती. कुंपणाला टेकून तो बघत राहिला. लतिका हाइनरकडे गेली. समितीची माणसं तिथेच होती.

"हा मुलगा आमचा आहे," ती म्हणाली. "माझ्या मित्राचा. मी त्याला जन्मल्यापासून ओळखते आणि त्याला खेळताना मी बघितलंय. तो आत पाहिजे होता. मी त्याला बाहेर ठेवला, कारण मला माझं नाव जपायचं होतं."

"फ्राऊ जिंतूरकर, यादीबाहेरचं कोणी नाही, हा नियम तुमचाच," समितीतला एक जण म्हणाला.

"माझाच."

"मग आता लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

हाइनरने मुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "जेवणाच्या सुट्टीत मैदान रिकामं असतं," तो शेवटी म्हणाला. "रिकाम्या मैदानाला नियम नसतो."

सुट्टीत एक अमेरिकन प्रशिक्षक सँडविच घेऊनच बाजूला उभा राहिला. हाइनरने आपल्या क्लबातली दोन दणकट मुलं समोर उभी केली. उत्कर्ष वाकला, टाच हलकी ठेवली. पहिल्या धडकेत तो हलला नाही. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही नाही. ती मुलं बाहेर जाऊन पाणी प्यायली, दुसरी दोघं आली. मग एक नवीन डाव त्याला दाखवला तेव्हा मात्र तो चुकला. तसला डाव टाकणारं येनाच्या मैदानावर कधी कोणी भेटलंच नव्हतं.

प्रशिक्षकाने हात पुसले. "पाय उत्तम आहेत," तो म्हणाला. "पण हा अजून धड कोणाशी खेळलेलाच नाही. एक वर्ष इथे खेळू दे, या मुलांबरोबर. मग मला व्हिडिओ पाठवा. वयाचं मी बघतो."

स्टेशनवर गाडीची वाट बघताना लतिका म्हणाली, "आमच्याकडे राहा. वरची खोली रिकामीच आहे. वर्षभराचं स्वयंसेवेचं काम हाइनर क्लबात देईल."

उत्कर्ष रुळांकडे बघत होता. "मी आलो, तर तिकडे आठच उरतात," तो म्हणाला. "आठांचा संघ होत नाही."

तिने त्याला काही सुचवलं नाही. सुचवायचा अधिकार आपल्याला आहे, असं तिला वाटलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी तो आला. येनाच्या स्टेशनवर उरलेली आठही मुलं त्याला सोडायला आली होती, असं सुधाने फोनवर सांगितलं. सगळ्यांनी त्याची चेष्टा केली, कोणी रडलं नाही, आणि गाडी सुटल्यावर बराच वेळ कोणी हललं नाही. पुढच्या हंगामात येनाचा संघ उभा राहिला नाही. तिघं-चौघं शेजारच्या गावाच्या संघात गेले, बाकीच्यांनी खेळ सोडला.

वर्षभर लतिकाच्या घरी भात दुप्पट शिजला. उत्कर्ष शिकला, पडला, उठला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या प्रशिक्षकाच्या कॉलेजने त्याला बोलावलं. क्लबने मोठ्या अक्षरांत जाहीर केलं: कायझर्सलाउटर्नचा आणखी एक खेळाडू अमेरिकेत.

लतिकाने हाइनरला कुंपणापाशी गाठलं. "हा मुलगा येनाचा आहे."

"पण तयार इथे झाला," हाइनर म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

निरोपाच्या जेवणाला दिनकर आणि सुधा आले. जेवण झाल्यावर सुधा मुलाच्या बॅगेत मेतकूट कोंबत होती आणि तो जर्मनमध्ये कुरकुरत होता. लतिका आणि दिनकर बाल्कनीत उभे होते. तो फार सुखात होता.

"शनिवारी काय करतोस आता?" तिने विचारलं.

"सवयीने जातो मैदानावर. गवत वाढलंय. तू याला बघितलंस, फार मोठं काम केलंस लतिका. पण त्या आठांतला तो बुटका होता ना, लाल केसांचा? तो उत्कर्षपेक्षा बरा होता, असं उत्कर्षच म्हणतो. तो आता गोदामात कामाला लागलाय."

लतिकाला तो आठवेना. त्या दिवशी मैदानावर ती एकाच मुलाचे पाय बघत होती.

"त्याचं नाव काय?" तिने विचारलं.

दिनकरने आठवून बघितलं. मग तो आत वळला आणि नाव विचारायला मुलाला हाक मारली.